इंग्रज–पोर्तुगीज सरहद्दसंबंध, भारतातील

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत एका बाजूस ब्रिटिश हिंदुस्थान आणि दुसऱ्या बाजूस पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोवा, दमण, दीव व नगर हवेली हे प्रदेश यांच्या सीमांवर चालणारा चोरटा व्यापार, फरारी गुन्हेगार व बंडखोर यांना मिळणारा आश्रय आणि सशस्त्र लोकांकडून होणारा हद्दभंग या प्रश्नांवर दोन्ही सत्तांमध्ये झालेला राजनयिक व्यवहार. या व्यवहाराचा मध्यबिंदू म्हणजे २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झालेला व्यापार व प्रत्यर्पण यांविषयीचा तह होय. वरवर पाहता मीठ, दारू आणि जकात यांच्या बारीकसारीक तरतुदींचा हा तह आहे. तथापि त्याने गोव्यातील हजारो कुटुंबांच्या उपजीविकेवर परिणाम केला आणि त्यातील हद्दभंगाविषयीचे एक कलम पुढे स्वतंत्र भारत व पोर्तुगाल यांच्यातील आंतरराष्ट्रीय वादात महत्त्वाचा पुरावा ठरले.

सरहद्दीची घडण : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हे प्रदेश मिळविले. यांस जुन्या काबिजादी म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १७६३ ते १७८८ च्या दरम्यान, फोंडे, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल त्यांच्याकडे आले. त्यांना नव्या काबिजादी असे नाव पडले. या विस्तारामुळे गोव्याची हद्द खाड्या व नद्या यांच्या काठावरून सरकून सह्याद्रीच्या जंगलात जाऊन पोहोचली. उत्तरेस सावंतवाडी संस्थान, पूर्वेस घाटमाथ्यावर बेळगाव जिल्हा आणि दक्षिणेस उत्तर कानडा जिल्हा अशी गोव्याची शेजारसीमा होती. मराठी सत्तेच्या अस्तानंतर बेळगावकडील मुलूख कंपनी सरकारकडे गेला, १८१९ च्या तहाने सावंतवाडी इंग्रजांच्या संरक्षणाखाली आली आणि उत्तर कानडा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात समाविष्ट झाला. अशा रीतीने गोवा तिन्ही बाजूंनी एकाच सत्तेने वेढला गेला.

ही सीमा राजकीय असली, तरी लोकजीवनात तिला फारसे स्थान नव्हते. तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरील कुळे, देवस्थाने, सोयरिकी व बोली एकच होत्या. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे सावंतवाडीच्या बाजूस असूनही पोर्तुगीजांकडे होता. कोकणातील मीठ, सुकी मासळी व नारळ बैलांच्या तांड्यांवरून घाटावर जात आणि परतीच्या वाटेने धान्य खाली येई. हा व्यापार गोव्यात पोर्तुगीज सत्ता येण्यापूर्वीपासून चालत आलेला होता. सीमेवर नाके बसल्यावर हाच व्यापार त्याच वाटांनी चालू राहिला. मात्र रात्री किंवा आडवाटेने केलेल्या वाहतुकीस ‘चोरटा व्यापार’ ही संज्ञा लागू झाली. सावंतवाडी संस्थानाने १८३८ मध्ये जकात वसुलीचा हक्क इंग्रजांकडे सोपविल्यानंतर गोव्याच्या उत्तर सीमेवर इंग्रजी जकात नाकी उभी राहिली.

दमण आणि अफूचा व्यापार : सरहद्दीवरील चोरट्या व्यापाराची पहिली मोठी समस्या गोव्यात नव्हे, तर दमणमध्ये उद्‌भवली. बंगालमधील अफूचे उत्पादन व विक्री हा ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता. माळव्यातील अफू मात्र शिंदे, होळकर इ. संस्थानिकांच्या मुलुखात पिकत असे आणि व्यापारी ती कंपनीचा मुलूख टाळून राजस्थान व सिंध यांमधून कराचीस आणि तेथून समुद्रमार्गे दमणला नेत. दमणहून ती चीनला जाई. या व्यापारात मुंबईतील पोर्तुगीज, पारशी व गुजराती व्यापाऱ्यांचे भांडवल गुंतलेले होते. रोजेरिओ द फारिया हे त्यांतील एक ठळक नाव होय.

कंपनीने प्रथम संस्थानिकांशी करार करून ही वाहतूक बंद पाडण्याचा प्रयत्न केला. परंतु बंदोबस्त जितका कडक, तितका आडमार्गाचा नफा अधिक, असा अनुभव आला. अखेरीस १८३०–३१ मध्ये कंपनीने धोरण बदलले आणि दर पेटीमागे १७५ रुपये घेऊन माळव्याची अफू थेट मुंबईस आणण्याचे परवाने देण्यास प्रारंभ केला. तरीही दमणचा मार्ग स्वस्त पडतो असे दिसताच १८३५ मध्ये हा दर १२५ रुपयांवर आणला गेला. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि दमणच्या अफू व्यापारास उतरती कळा लागली. स्पर्धा संपल्याबरोबर परवान्याचा दर वाढू लागला व १८४७ मध्ये तो पेटीमागे ४०० रुपये झाला. चोरटा व्यापार हा मुख्यतः दोन प्रदेशांतील करांच्या तफावतीतून निर्माण होतो आणि ती तफावत मिटविल्याखेरीज केवळ पहाऱ्याने तो थांबत नाही, ही गोष्ट या प्रकरणातून स्पष्ट झाली. पुढे मिठाच्या बाबतीत इंग्रजांनी याच अनुभवाचा उपयोग केला. परंतु त्या वेळी त्यांनी आपला कर कमी न करता तो शेजाऱ्याच्या मुलुखात नेला.

बंडखोरांना आश्रय : मालाइतकाच माणसांच्या ये-जा करण्याचाही प्रश्न बिकट होता. कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी १८४४ मध्ये उठाव केला आणि त्याचे लोण सावंतवाडीत पोहोचले. तेथे फोंड सावंत तांबुळकर व त्यांचे साथीदार उठले. गादीचे वारस अण्णासाहेब हेही त्यांना मिळाले. कर्नल जेम्स औट्रमने १८४५ मध्ये मनोहरगड व आसपासचा प्रदेश घेऊन उठाव मोडला, तेव्हा त्याचे पुढारी सीमा ओलांडून गोव्यात गेले. इंग्रजांनी त्यांची मागणी केली. गोव्याचे गव्हर्नर जनरल झोझे फॅरैर पॅस्ताना यांच्या शासनाने त्यांना इंग्रजांच्या हवाली करण्यास नकार दिला. इंग्रजांच्या दृष्टीने हे लोक दरोडेखोर व राजद्रोही होते, तर पोर्तुगीजांच्या दृष्टीने ते राजकीय आश्रित होते. एका दुर्बळ सत्तेला आपले सार्वभौमत्व दाखविण्याची ही एक संधीही होती.

या आश्रयाचे परिणाम १८५८ मध्ये दिसून आले. त्या वर्षी फोंड सावंतांच्या मुलांनी अनुयायांसह गोव्याच्या हद्दीतून उत्तर कानड्यातील सुपे भागाच्या जंगलात प्रवेश केला आणि सरकारी जकात नाक्यांवर हल्ले केले. उत्तर हिंदुस्थानातील उठावाने अस्वस्थ झालेल्या मुंबई सरकारने या वेळी पोर्तुगीजांवर अधिक दबाव आणला. अखेरीस बंडखोरांनी पोर्तुगीजांकडे शरणागती पत्करली व त्यांची रवानगी तिमोर बेटावर झाली. उलट दिशेनेही हाच अडथळा होता. सत्तरीतील राण्यांची बंडे, विशेषतः दीपाजी राणे यांचा १८५२ ते १८५५ मधील उठाव, मोडून काढताना सत्तरीला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील व सावंतवाडीतील जंगलांचा बंदोबस्त पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. त्यामुळे फरारी व्यक्तींविषयी परस्परांवर बंधनकारक असा करार असावा, ही गरज दोन्ही सत्तांना जाणवू लागली.

मीठ, मद्य आणि जकात : ब्रिटिश हिंदुस्थानच्या महसुलात मिठावरील कराचे स्थान मोठे होते. समुद्रकाठच्या मिठागरात मण (सु. ३७ किग्रॅ.) भर मीठ तयार करण्यास थोडेच आणे खर्च येई; मुंबई इलाख्यातील कर मात्र मणामागे एक रुपया तेरा आणे होता आणि १८७७–७८ च्या सुमारास तो अडीच रुपये करण्यात आला. म्हणजे मिठाची किंमत ही वस्तुतः कराचीच किंमत होती. उत्तर हिंदुस्थानात मीठ अडविण्यासाठी सरकारने शेकडो मैल लांबीची जकात रेषा उभारली होती आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे कुंपण वाढविले होते. ही रेषा १८७९ मध्ये रद्द झाली, कारण मिठाच्या उत्पत्तिस्थानांवरच ताबा मिळवून कर वसूल करणे सोपे व स्वस्त ठरते, असे सरकारच्या लक्षात आले होते. राजस्थानातील सांभर सरोवराचा भाडेपट्टा याच धोरणानुसार घेण्यात आला.

या धोरणात गोवा हे मोठे छिद्र होते. तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील खाड्यांच्या काठी मिठागरे विपुल होती आणि त्यांतील मिठावर ब्रिटिश कराचा भार नव्हता. ते मीठ घाटवाटांनी बेळगाव–धारवाडकडे आणि मचव्यांतून किनाऱ्याने उत्तर व दक्षिण कोकणात उतरविणे फायदेशीर होते. सरहद्दीवरील जंगलातील प्रत्येक पायवाट राखणे अशक्य होते आणि राखावयाचे म्हटल्यास खर्च वसुलीपेक्षा अधिक होण्याचा संभव होता.

मद्याचीही स्थिती अशीच होती. मुंबई सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने माडी-ताडी काढणे व दारू गाळणे यांवरील नियंत्रण कडक केले आणि झाडांवरील कर वाढविला. गोव्यात माडाची सूर काढणे आणि माडाची व काजूची फेणी गाळणे हा घरोघरचा धंदा होता व त्यावरील कर हलका होता. त्यामुळे सीमेपलीकडील स्वस्त दारू सावंतवाडी व कारवारकडे येई. शिवाय परदेशी माल गोव्याच्या बंदरात कमी जकातीवर उतरवून तो जमिनीवरून ब्रिटिश मुलुखात नेण्याचा मार्गही खुला होता.

१८७८ चा तह : हे सर्व प्रश्न एकदम सोडविण्याचा प्रयत्न १८७८ च्या तहाने केला. पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्राद कोर्व्हो आणि लिस्बनमधील ब्रिटिश प्रतिनिधी रॉबर्ट मोरिअर यांनी तो घडवून आणला. पोर्तुगालच्या वसाहतींचा विकास इंग्लंडच्या सहकार्यानेच होऊ शकेल, असे कोर्व्हो यांचे मत होते. आफ्रिकेतील लोरेंसू मार्किश बंदरासंबंधीचा १८७९ चा करारही त्यांच्या याच धोरणाचे फलित होते. तह १५ जानेवारी १८८० पासून अंमलात आला. त्याची मुदत १२ वर्षांची होती.

तहाच्या मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे सांगता येतील : (१) दोन्ही प्रदेशांमधील सीमेवरील जकात नाकी उठवून त्यांचा एक जकातसंघ करण्यात आला आणि समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर समान दराने जकात घेण्याचे ठरले. (२) गोवा, दमण व दीव येथील मिठाचे उत्पादन व विक्री यांवर नियंत्रण ठेवण्याचा व मिठागरांची संख्या मर्यादित करण्याचा अधिकार ब्रिटिश सरकारला मिळाला. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये देण्याचे ठरले. (३) पोर्तुगीज प्रदेशातील अबकारी पद्धती ब्रिटिश पद्धतीच्या धर्तीवर आणण्यात आली. (४) अफूची लागवड, उत्पादन व निर्यात यांवर ब्रिटिश सरकारच्या हिताच्या दृष्टीने निर्बंध घालण्यात आले. (५) मार्मागोवा बंदराचा विकास करून ते ब्रिटिश हद्दीतील रेल्वेमार्गास जोडण्याची योजना मान्य झाली. (६) गुन्हेगारांच्या प्रत्यर्पणाची व्यवस्था ठरविण्यात आली. (७) कोणत्याही पक्षाच्या सशस्त्र दलांनी दुसऱ्याच्या हिंदुस्थानातील प्रदेशात प्रवेश करू नये; पूर्वीच्या तहांत सांगितलेली कारणे, या तहाप्रमाणे द्यावयाचे परस्पर साहाय्य किंवा प्रवेश करू इच्छिणाऱ्या पक्षाने केलेली औपचारिक विनंती एवढेच यास अपवाद असावेत, असे अठराव्या कलमात नमूद करण्यात आले.

पैसे देऊन शेजाऱ्याच्या मिठावर ताबा मिळविण्याची ही पद्धती नवी नव्हती. फ्रेंचांशी झालेल्या १८१५ च्या करारातही इंग्रजांनी फ्रेंच वसाहतींतील मीठ आपल्या ताब्यात घेण्याच्या मोबदल्यात दरसाल चार लाख सिक्का रुपये देण्याचे मान्य केले होते. गोव्याच्या बाबतीत तीच पद्धती अधिक व्यापक स्वरूपात लागू झाली. तहाला अनुसरून १८८० मध्ये चलनाविषयीही करार झाला आणि पोर्तुगीज इंडियाची चांदीची नाणी ब्रिटिश रुपयाच्या वजनाची व कसाची अशी कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडण्यात येऊ लागली.

अंमलबजावणी व परिणाम : तहामुळे सीमेवरील नाकी उठली आणि व्यापाऱ्यांची व प्रवाशांची अडवणूक कमी झाली. ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने मिठाच्या चोरट्या व्यापाराचा उगमच बंद झाला. मार्मागोवा ते ब्रिटिश सरहद्द हा सु. ८२ किमी. लांबीचा रेल्वेमार्ग वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनीने बांधला. दूधसागराजवळील घाट चढून तो १८८८ मध्ये कॅसल रॉकपर्यंत पोहोचला व तेथे सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गास मिळाला. गोव्याचे आधुनिक बंदर व रेल्वे ही या तहाची टिकाऊ फळे होत. तथापि कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती आणि अपेक्षित वाहतूक न मिळाल्यामुळे हा बोजा बराच काळ गोव्याच्या तिजोरीवर राहिला.

सामान्य लोकांना मात्र तहाची झळ प्रत्यक्ष सोसावी लागली. अनेक मिठागरे बंद करण्यात आली. मालकांना नुकसानभरपाई मिळाली. पण मिठागरात राबणाऱ्या मजुरांना, मीठ वाहणाऱ्या तांडेलांना व होडीवाल्यांना तिचा लाभ होण्याचे कारण नव्हते. ज्या प्रदेशात मीठ हाताशी व स्वस्त होते, तेथेच ते महाग झाले आणि मासळी खारविण्याच्या धंद्यावर त्याचा भार पडला. माडावरील वाढीव करामुळे सूर काढणाऱ्या रेंदेरांचा व भंडाऱ्यांचा धंदा बसू लागला. उपजीविकेसाठी मुंबईकडे जाणाऱ्या गोमंतकीयांचा ओघ आधीपासूनच चालू होता; या परिस्थितीने त्यास आणखी चालना मिळाली. स्वतःच्या परसातील माडाची सूर काढणे किंवा खाडीकाठचे मीठ उचलणे, हे कालपर्यंतचे नित्याचे व्यवहार परक्या सरकारच्या महसुलासाठी गुन्हे ठरले होते.

जकातसंघाचाही गोव्याला अपेक्षित लाभ झाला नाही. समान दर ठरविण्याचा खरा अधिकार ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडे होता. त्या सरकारने मुक्त व्यापाराच्या धोरणानुसार १८८२ मध्ये मीठ, मद्य, शस्त्रे इ. थोडे अपवाद वगळून बहुतेक सर्व आयात मालावरील जकात रद्द केली, तेव्हा गोव्याचे जकातीचे उत्पन्नही आपोआप आटले. मिठावरील कर त्याच वर्षी मणामागे दोन रुपयांवर आला आणि १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला. या फेरबदलांत गोव्यातील शासनाला कोणताही आवाज नव्हता. पोर्तुगालमधील विरोधकांनी या तहास राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा विक्रय मानले. उलट चार लाख रुपयांचे निश्चित उत्पन्न व रेल्वे यांमुळे दरिद्री वसाहतीस आधार मिळाला, असे त्याच्या समर्थकांचे म्हणणे होते.

तहाचा शेवट : आफ्रिकेतील प्रदेशांवरून ११ जानेवारी १८९० रोजी इंग्लंडने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला. त्यामुळे पोर्तुगालमधील लोकमत इंग्रजांविरुद्ध प्रक्षुब्ध झाले. भारतातील तहाचे नूतनीकरण झाले नाही आणि १४ जानेवारी १८९२ रोजी तो संपुष्टात आला. प्रत्यर्पणाकरिता त्याच वर्षी दोन्ही देशांत स्वतंत्र करार झाला. परंतु जकात व मीठ यांविषयीची एकत्रित व्यवस्था पुन्हा अस्तित्वात आली नाही. सीमेवर दोन्ही बाजूंनी नाकी परत उभी राहिली. रेल्वेमार्गावर ब्रिटिश बाजूस कॅसल रॉक आणि पोर्तुगीज बाजूस कुळे ही तपासणीची स्थानके बनली. मिठाच्या व दारूच्या आडवाटाही पुन्हा वाहत्या झाल्या. विसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने १९२४ च्या भूसीमा जकात कायद्याने जमिनीवरून येणाऱ्या मालाच्या जकातीची व्यवस्था अधिक पद्धतशीर केली.

सशस्त्र हद्दप्रवेशाचा प्रश्न : मालाच्या बाबतीत तह विफल झाला, तरी सशस्त्र लोकांच्या हद्दप्रवेशासंबंधीचा त्यातील दंडक टिकून राहिला. या दंडकाला जुनी पार्श्वभूमी होती. मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर १७४१ मध्ये त्यांचा पोर्तुगीजांशी तह झाला. एका पक्षाच्या शिपायाने दुसऱ्याच्या मुलुखात शिरताना परवानगी घ्यावी. परवानगीवाचून आल्यास त्यास अटकेत ठेवावे आणि मित्रराज्याचा माणूस म्हणून कळवून सोडून द्यावे, अशा आशयाची तरतूद त्या तहात होती.

हा प्रश्न दमणच्या बाबतीत विशेष जिव्हाळ्याचा होता. पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहानुसार आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनुसार पोर्तुगीजांना नगर हवेली परगण्यातील गावांचा बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम मिळाला होता. हा प्रदेश समुद्रापासून आत होता आणि दमण व तो यांच्यामध्ये ब्रिटिश मुलूख पसरलेला होता. तेथे शिपाई किंवा दारूगोळा पाठवावयाचा म्हणजे परमुलुखातून जाणे भाग होते. परवानगीशिवाय अशी ये-जा होत असल्याबद्दल मुंबई सरकारने ८ डिसेंबर १८९० रोजी पोर्तुगीज इंडियाच्या गव्हर्नर जनरलकडे तक्रार केली आणि तहाप्रमाणे परवानगी मागण्यात यावी असे सुचविले. पूर्वपरवानगीवाचून आमचे सैन्य ब्रिटिश हद्द ओलांडीत नाही, असे उत्तर गोव्याहून आले. पुढील वर्षी दमणच्या गव्हर्नरलाही ही प्रथा काटेकोरपणे पाळण्याची ताकीद देण्यात आली. आपण नियम पाळतो असे सांगताना पोर्तुगीज शासनाने नियमाचे अस्तित्व लेखी मान्य केले होते.

सशस्त्र पोलिसांच्या ये-जा करण्याविषयी १९१३ व १९२० मध्ये परस्परतेच्या तत्त्वावर व्यवस्था ठरली. दमण–नगर हवेली रस्त्यावरून दहापेक्षा अधिक नसलेली सशस्त्र पोलिसांची तुकडी गेल्यास तिची सूचना चोवीस तासांच्या आत द्यावी आणि तुकडी मोठी असल्यास संमती आधीच घ्यावी, असे १९४० मध्ये ठरले. या मर्यादा क्षुल्लक वाटण्यासारख्या असल्या, तरी पोर्तुगीजांचा सशस्त्र प्रवेश हा हक्क नसून संमतीवर अवलंबून असलेली सवलत आहे, हे त्यांनी प्रत्येक वेळी अधोरेखित केले.

स्वातंत्र्योत्तर काळ : भारत स्वतंत्र झाल्यावर हे सर्व करारमदार व प्रथा भारत–पोर्तुगाल संबंधांत उतरल्या. मुंबई राज्यातील दारूबंदीमुळे गोवा व दमण येथील मद्याच्या चोरट्या व्यापारास नवे बळ मिळाले. सोने, घड्याळे इ. वस्तूंची त्यात भर पडली. गोव्याच्या मुक्तीविषयी पोर्तुगाल वाटाघाटी करीत नाही असे दिसल्यावर भारताने १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. स्वातंत्र्यसैनिकांनी १९५४ च्या जुलै–ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त केली आणि भारताने पोर्तुगीजांना दमणहून तेथे जाण्यास मनाई केली.

पोर्तुगालने १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. मराठी व पोर्तुगीज कागदपत्रे, पेशव्यांच्या सनदा आणि मुंबई सरकारचा जुना पत्रव्यवहार यांचा तेथे कसून विचार झाला. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निर्णय दिला. पेशव्यांनी दिलेला सरंजाम हा केवळ उत्पन्नाचा हक्क होता, सार्वभौमत्वाचा नव्हे. तथापि पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व गृहीत धरले, असे न्यायालयाने मानले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांची ये-जा सव्वाशे वर्षे अखंडपणे चालत आल्यामुळे त्यांच्यापुरता पोर्तुगालला मार्गाधिकार होता. परंतु सशस्त्र सेना, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्या बाबतीत तो नव्हता, असा निवाडा झाला. ब्रिटिश काळात प्रत्येक वेळी मागितलेली परवानगी हाच या भेदाचा आधार होता. प्राप्त परिस्थितीत भारताने केलेली मनाई त्याच्या जबाबदारीशी विसंगत नव्हती, असेही न्यायालयाने ठरविले. केवळ दोन राष्ट्रांमध्ये दीर्घकाळ पाळलेली प्रथाही त्यांच्यापुरता कायदा निर्माण करू शकते, या तत्त्वासाठी आंतरराष्ट्रीय विधीच्या अभ्यासात हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो. दादरा व नगर हवेली ऑगस्ट १९६१ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव मुक्त झाल्यावर या सरहद्दीचाच अंत झाला.

मूल्यमापन : या दीर्घ व्यवहारातून दोन गोष्टी निदर्शनास येतात. चोरटा व्यापार हा सीमेवरील लोकांच्या स्वभावाचा दोष नसून करपद्धतीचा परिणाम होता. मिठावर जबर कर बसला नसता, तर घाटवाटेने जाणारी मिठाची गोणी गुन्हा ठरली नसती. हा प्रश्न सोडविताना बलिष्ठ सत्तेने आपला कर दुर्बळ शेजाऱ्याच्या मुलुखात नेला, दुर्बळ सत्तेने त्याची किंमत रोख घेतली आणि भार मात्र मिठागरातील व माडावरील श्रमिकांवर पडला. दुसरी गोष्ट अशी की, सत्तेच्या सोयीसाठी केलेल्या करारांतील शब्द करणाऱ्यांच्या हेतूपलीकडे जाऊन टिकतात. आपल्या महसुलाच्या व सुरक्षिततेच्या रक्षणासाठी इंग्रजांनी घातलेली परवानगीची अट त्यांची सत्ता गेल्यावर स्वतंत्र भारताच्या उपयोगी पडली. तेरेखोलच्या किल्ल्यावरून किंवा कॅसल रॉकच्या स्थानकावरून आज दिसणारी शांत राज्यसीमा एके काळी दोन साम्राज्यांची सरहद्द होती, हे समजण्यास या तहांचा व पत्रव्यवहाराचा अभ्यास उपयुक्त ठरतो.